गच्चीवरून येणारं इंटरनेट

साल 2002, पावसाळा सरत आलेला. तुम्ही डोंबिवलीतल्या एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर आहात. पाण्याच्या टाकीला बांधलेली टीव्हीची काळी वायर समोरच्या गच्चीवर गेलीय, तिथून पुढच्या. केबलवाल्याचा पोरगा तिच्याच जोडीनं एक करडी, बारीक वायर ओढतोय.

"टीव्हीच्या वायरीतूनच का नाही देत इंटरनेट?"

"दादा, तिच्यातून फक्त येतं. जात नाही."

बरोबर आहे त्याचं. वाटेवरचे अँप्लिफायर कंट्रोल रूमकडून घराकडे येणारा सिग्नलच वाढवतात. उलटी वाट हवी तर ते सगळे बदला, शिवाय घरोघरी केबल मोडेम द्या. तो खेळ मोठ्या कंपन्यांचा. गल्लीतल्या केबलवाल्याला परवडते ती ऑफिसातली कॅट-फाइव्ह, गच्च्यांवरून फिरवलेली. शंभर मीटरच्या पुढे तिचा भरवसा नाही, म्हणून मध्ये कुणाच्या तरी जिन्यात स्विचची पेटी. तिची वीज कुणाच्या मीटरवर, हे विचारायचं नसतं. त्या इमारतीतली लाइट गेली, की तुमच्याकडे लाइट असूनही नेट बंद. जवळपास वीज कडाडली तर लॅन कार्डच जातं.

मला तर वाटतं, केबलवाल्याचं खरं भांडवल तांब्यात नव्हतंच. 1991 च्या आखाती युद्धानंतर गल्लोगल्ली डिश लागल्या, तेव्हापासून त्यानं सोसायट्यांचे सेक्रेटरी सांभाळले होते. गच्चीची किल्ली त्याला मागावी लागत नव्हती.

पोरगा खाली येतो, दातांनी वायर सोलतो. आत आठ तारा, कामाला चारच. "उरलेल्या चारात शेजारच्यांचं कनेक्शन काढू," तो म्हणतो आणि क्रिंपर दाबतो. विंडोज 98 पुन्हा चालू होतं. बाहेरचं पान रांगत उघडतं, कारण केबलवाल्यानं वरून घेतलेली एकच लाइन सगळ्या गल्लीत वाटलेली. पण 'नेटवर्क नेबरहुड' उघडा! मागच्या इमारतीतल्या कुणाची तरी गाण्यांची अख्खी फोल्डरं, एका घरातली काउंटर-स्ट्राइक, एका बेसावध गृहस्थाचा सबंध सी ड्राइव्ह. गाणं मिनिटाच्या आत उतरतं, आणि घरातला फोनही मोकळाच राहतो.

"पैसे?"

"टीव्हीच्या पैशांबरोबर द्या."

पावती केबलच्याच पुस्तकातून फाटते. 'केबल' खोडून त्यावर पेनानं 'नेट' लिहिलेलं असतं.