पुण्यातील गणित आणि औंढ्याची वेधशाळा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र म्हणून पूर्वापार परिचित आहे. त्याच परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा साकारत असून, तिच्या इतिहासाची मुळे मात्र पुण्यात केलेल्या गणितात आहेत.

प्रचंड वस्तुमानाच्या वस्तू एकमेकींभोवती वेगाने फिरू लागल्या की अवकाश-काळात जी कंपने प्रकाशाच्या वेगाने पसरतात, त्यांना गुरुत्वीय लहरी म्हणतात. आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये त्यांचे भाकीत केले. परंतु त्या इतक्या क्षीण असतात की चार किलोमीटर लांबीत त्यांच्यामुळे पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरतो आणि जमिनीच्या साध्या थरथरीतही तो बुडून जातो. म्हणून अपेक्षित लहरींचे नमुने आधीच गणिताने काढून ते यंत्राच्या नोंदीशी ताडून पाहावे लागतात. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्यातील ‘आयुका’ या संस्थेत संजीव धुरंधर यांनी हाच प्रश्न हाती घेतला. असे नमुने कोणते आणि किती निवडावेत, याची मांडणी त्यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा अमेरिकेतील लायगोच्या वेधशाळा उभ्याही राहिल्या नव्हत्या.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोच्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील या वेधशाळांनी, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेली लहर सात सहस्रांश सेकंदांच्या अंतराने नोंदवली. हा शोध ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जाहीर झाला आणि सहाच दिवसांनी केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी मिळण्यास मात्र एप्रिल २०२३ उजाडले.

दोनच ठिकाणच्या नोंदींतील कालांतरावरून लहरीची दिशा आकाशातील एका विस्तृत पट्ट्यापुरतीच निश्चित होते. अमेरिका व युरोपपासून दूर असलेल्या वेधशाळेमुळे हा पट्टा पुष्कळ आकसतो, आणि मग दुर्बिणी नेमक्या जागी वळवता येतात. समुद्राच्या लाटांपासून व मोठ्या शहरांच्या वर्दळीपासून दूर असलेली मराठवाड्याची भूमी या कामासाठी पसंत पडली.

पुण्याने यंत्राच्या आधी पद्धत सिद्ध केली, आता यंत्र मराठवाड्यात येत आहे. म्हणून जालना, परभणी आणि हिंगोलीच्या महाविद्यालयांत या नोंदी वाचणारे विद्यार्थी घडवणे, हा या प्रकल्पाचा बांधकामाइतकाच महत्त्वाचा भाग मानला पाहिजे.