एक घोंगडी म्हणजे किती मेंढ्या?

आजचा प्रश्न साधा आहे. हाताने विणलेल्या एका घोंगडीला लोकर किती लागते? मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आकडेमोड आलीच. पण या आकडेमोडीत आपल्या बारामती-इंदापूरचा इतिहास दडलाय.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली की काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं. त्या बहुतेक दख्खनी मेंढ्या. कमी पावसाच्या मुलखात तगणाऱ्या, राठ आणि बऱ्याचदा काळ्या लोकरीच्या. वर्षातून दोनदा कातरणी होते आणि एका मेंढीची वर्षाची लोकर साधारण अर्धा ते पाऊण किलो भरते. म्हणजे एका कातरणीला ३०० ग्रॅम धरा.

आता घोंगडी अडीच किलोची धरू. माती, कुसळं, पिंजताना-कातताना होणारी घट, असा पाचवा हिस्सा जातो असं समजू. मग कच्ची लोकर लागेल सव्वातीन किलोच्या आसपास. भागिले ३०० ग्रॅम. उत्तर येतं ११ मेंढ्या! जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची मऊ घोंगडी हवी असेल, तर आकडा आणखी वाढतो, कारण कोकराच्या अंगावर लोकर ती किती असणार?

अंदाज चुकला तर काय होतं? खड्ड्याच्या मागावर ताण्याचं, म्हणजे उभं सूत आधीच पूर्ण लागतं. त्याला चिंचोक्याची खळ देऊन मग विणायला घेतात. आडवं सूत मागाहून कातता येतं, पण ते दुसऱ्या कातरणीचं असेल तर काळ्या रंगाची छटा जुळेलच असं नाही. रंगवलेलं सूत नसतं ना ते! म्हणून लोकर थोडी जास्तच घ्यायची.

हा हिशोब एकट्याचा नव्हता. धनगराने मेंढ्या राखायच्या, बायांनी सूत कातायचं, सणगराने विणायचं. लोकर किती पुरेल, हे या सगळ्यांच्या हाताला ठाऊक होतं.

मग गिरणीची स्वस्त ब्लँकेटं आली. मटणाला भाव आला, राठ लोकरीचा पडला. शेजारच्या फलटणला निंबकर संस्थेने दख्खनी आणि बंगालच्या गॅरोल मेंढीच्या संकरातून जुळी कोकरं देणारी ‘नारी सुवर्णा’ तयार केली. मेंढपाळाच्या हातात चार पैसे जास्त यावेत, हा त्यामागचा हेतू, आणि तो योग्यच. पण हिशोबाचं माप बदललं. मेंढीमागे लोकर किती, याऐवजी मेंढीमागे कोकरं किती, हा प्रश्न आला. आज कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी लोकर फेकून देतात.

माप गेलं की त्या मापाने विचार करणारी माणसंही कमी होतात. म्हणून घोंगडी घ्यायला गेलात तर फक्त किंमत विचारू नका. किती हाताची, वजन किती, लोकर कुठल्या कातरणीची, हेही विचारा. सांगणारं माणूस अजून आहे, तोवर विचारून घ्या.

भेटूया पुढच्या भागात!