कानशीची सुरी

करोल बाग ही मुळातच स्थलांतरितांची वस्ती. १९११ साली राजधानी दिल्लीस नेण्याची घोषणा झाली. नव्या नगरीसाठी माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार ही जुनी गावठाणे उठविण्यात आली आणि त्यांतील कित्येक कुटुंबे इकडे येऊन राहिली. १९४७ नंतर पंजाबातून निर्वासित आले. नोकरीच्या निमित्ताने आपली मराठी बिऱ्हाडेही येथे थाटली गेली. याच भागातील नाईवाल्याच्या गल्ल्यांत आज दुचाकींच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. अशा बाजाराच्या आश्रयाने चालणाऱ्या दुरुस्तीच्या दुकानांतून दाते झिजलेली कानस भंगारात पडते. तिच्यापासून घरच्या घरी सुरी घडविण्याचा छंद अलीकडे जगभर पसरला आहे. या छंदामागे मोठा इतिहास आहे, व त्यातील एक प्रकरण आपल्या अगदी जवळचे आहे.

कानशीचीच सुरी का, असे कोणी विचारील. लोखंड घासावयाचे तर घासणारे पोलाद त्याहून कठीण हवे. म्हणून चांगल्या कानशीत कर्बाचे प्रमाण शेकडा १ ते १.३ इतके ठेवतात. साध्या सळईत ते पाव टक्क्याच्या आसपास असते. झिजतात ते केवळ वरचे दाते. आतले पोलाद जसेच्या तसे राहते, आणि धार धरण्याचा गुण त्यातच असतो.

या पोलादाची कुळकथा मनोरंजक आहे. १७४० च्या सुमारास इंग्लंडात बेंजामिन हंट्समन याने मुशीत पोलाद वितळविण्याची रीत बसविली, आणि त्या पोलादाच्या कानशी व सुऱ्या यांमुळे शेफील्डचे नाव जगभर झाले. परंतु मुशीतले पोलाद दक्षिण भारतात त्याच्या कित्येक शतके आधीपासून होत होते. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम् हे गाव त्यासाठी प्रसिद्ध होते. इराणचे व्यापारी तेथे खरेदीस येत. १८१९ च्या सुमारास लंडनमध्ये मायकेल फॅरडे याने जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या करणाऱ्या कारागिराच्या साहाय्याने याच ‘वूट्झ’ पोलादावर प्रयोग आरंभिले. पुढे स्वस्त विलायती पोलादाचा पूर आला आणि आपल्या भट्ट्या विझल्या.

पोलाद करण्याची विद्या अशी गेली. त्याला पाणी देण्याची विद्या मात्र फिरत्या लोहारांच्या हाती उरली. महाराष्ट्रात ते घिसाडी, तर राजस्थानात व दिल्लीत गाडिया लोहार. दोघांच्याही कुळकथा राजपुतान्याकडे बोट दाखवितात. १५६८ साली चितोड अकबराच्या हाती पडले. गड परत मिळेपर्यंत घरात राहणार नाही, दिवा लावणार नाही, खाटेवर निजणार नाही, अशी शपथ आपल्या पूर्वजांनी घेतली, असे गाडिया लोहार सांगतात. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चितोडगडावर नेले. शपथ फिटली, घर मात्र पुष्कळांना मिळाले नाही. दिल्लीच्या अनेक रस्त्यांच्या कडेला त्यांची पाले आजही दिसतात. पुरुष सांडशीत लोखंड धरतो व घरची स्त्री घण घालते.

हौशी माणूस जे पुस्तकांतून शिकतो, तेच हे लोक भंगाराच्या तुकड्यावर पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत. कानस प्रथम लाल तापवून राखेत पुरावी व रात्रभर सावकाश निवू द्यावी, म्हणजे ती मऊ पडते. मग दाते पूर्ण घासून काढावेत, कारण खाचेतूनच पुढे तडा जातो. आकार दिल्यावर ती पुन्हा तापवावी, आणि लोहचुंबक चिकटेनासे झाले की आणखी किंचित तापवून तेलात बुडवावी. आता ती काचेसारखी कठीण, पण तशीच ठिसूळ असते. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर गवती पिवळा रंग चढेपर्यंत, म्हणजे दोनशे ते सव्वादोनशे अंशांपर्यंत, तिला हलकी आच दिली की ठिसूळपणा जातो आणि धार राहते. उष्णतामापक नसताना केवळ रंग पाहून ही वेळ साधणे, हीच खरी विद्या होय.

छंदिष्टाची एक सुरी बिघडली तर त्याचा एक रविवार वाया जातो. लोहाराचा विळा बिघडला तर त्याची त्या दिवसाची चूल अडते. एकाच्या कौशल्यास आपण कला म्हणतो आणि दुसऱ्याचे पाल रस्त्यातील अडथळा ठरवून हलवितो. ज्या कार्यालयांतून हे हुकूम निघतात, त्यांत आपणांपैकीही कोणी बसलेले असतील. हातातील कागदावर सही करण्यापूर्वी त्यांनी एकदा त्या ऐरणीपाशी थांबून पात्यावर चढणारा पिवळा रंग पाहावा. चारशे वर्षे बेघर राहूनही टिकलेली ही विद्या पुढच्या पिढीपर्यंत पोहोचावयाची असेल, तर तिला बक्षिसापेक्षा हक्काच्या चार हात जागेची गरज अधिक आहे.