फक्की मारणारा माणूस

क्रीडामंडळांचा इतिहास लिहावयास बसले की एक अडचण हटकून उभी राहते. विजेत्यांची नावे लगेच हाती लागतात. ती ढालींवर कोरलेलीच असतात. पण सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ज्याने मैदानावर पाणी मारले, दोरी ताणून फक्कीच्या रेघा ओढल्या, शेजारच्या शाळेतून बाके आणली आणि रात्री बाराला ती परत पोचवली, त्याचे नाव कुठे शोधायचे? आपल्याही गावात असा एखादा गृहस्थ असेलच. आठवून बघा.

१९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला आपले खेळाडू गेले. त्याची सुरुवात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील शर्यतींतून झाली, हे पुष्कळांना ठाऊक आहे. दोराबजी टाटांचे नाव राहिले, मॅरॅथॉन धावणाऱ्या चौगुल्यांचेही राहिले. त्या शर्यतींचा मार्ग कोणी आखला, घड्याळ हातात धरून कोण उभे होते, हे आपल्यापैकी कोण सांगेल?

खाशाबा जाधवांची गोष्ट मात्र या बाबतीत निराळी आहे, म्हणून तिथे थोडे थांबू या. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीला गेला आणि कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जाण्यासाठी पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ मधले सात हजार, बरे का! परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती सर्वांना आठवते. पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, त्यांत स्वतः लढले आणि जमलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. पदक गळ्यात पडलेल्या माणसाने मागे उभ्या असलेल्या माणसाचा हिशेब असा चुकता केला. खुद्द खाशाबांच्या वाट्याला अर्जुन पुरस्कार आला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी! असो.

तालमीत ही जाण मुरलेलीच असते. लाल मातीत ताक, तेल, हळद घालून ती खोऱ्याने उकरायची, हे काम पोरेच करतात, आणि मातीला हात लावून कपाळी नेल्याशिवाय आखाड्यात पाऊल पडत नाही. जत्रेच्या मैदानात वस्तादाला फेटा आणि नारळ मिळतो, तो चार गावांच्या देखत. मंडळांच्या खेळांत ही रीत का उतरली नाही, याचे मला नवल वाटते.

सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले, १९८५ साली मार्गदर्शकांसाठी द्रोणाचार्य. आपल्या राज्याच्या शिवछत्रपती पुरस्कारांत संघटक-कार्यकर्त्यांचाही गौरव होत आला. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकवणारे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मल्लखांबाशी नाते असलेल्या प्रत्येकाला आनंद झाला. परंतु ही झाली शिखरे. फक्की मारणाऱ्यापर्यंत दिल्लीचा हात पोचणार नाही, आणि पोचावा अशी अपेक्षाही नको. ते काम मंडळाचे.

मंडळे काय करतात? शाल आणि श्रीफळ. आमच्या गावच्या मंडळाचा सुवर्णमहोत्सव होता. तात्या नावाने सगळे ज्यांना हाक मारत, त्या गृहस्थांचा सत्कार ठरला होता. खो-खोचे खांब रोवण्यात त्यांचे आयुष्य गेले. ऐन वेळी नाव पुकारले, तर तात्या मांडवात नाहीत! वीज गेली म्हणून ते मागे जनित्र सुरू करीत होते. निवेदकाने ती शाल पुढच्या पाहुण्यांच्या अंगावर घातली आणि कार्यक्रम पुढे गेला. तात्या हसले, म्हणाले, "उजेड तर पडला ना?" मला मात्र रात्री झोप लागली नाही.

महिन्याभराने मंडळाची माहितीपुस्तिका काढायचे माझ्याकडे आले. जुन्या जमाखर्चाच्या वह्या उघडल्या. "फक्की, दोन पोती." "काथ्या, एक गुंडी." आणि त्याखाली वर्षानुवर्षे तेच अक्षर: "मजुरी, नाही." आम्हा इतिहासाच्या मास्तरांना कागद लागतो, तो हा! त्या 'नाही'च्या मागे कोण कोण होते, ते म्हाताऱ्या खेळाडूंना विचारून विचारून एकोणीस नावे काढली आणि विजेत्यांच्या यादीच्या आधी छापली.

पहिली प्रत घेऊन तात्यांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, यादीवरून बोट फिरवले. स्वतःच्या नावापाशी ते थांबले नाहीत. शेवटी म्हणाले, "दोन राहिली की रे." एक, उन्हाळाभर घागरीने पाणी देणारी मैदानाशेजारची बाई, दुसरा, दिव्यांच्या तारा ओढणारा वायरमन. प्रती तर छापून झालेल्या. मग रविवारी आम्ही पाचजण तात्यांच्या ओसरीवर शाईची दौत घेऊन बसलो आणि तीनशे प्रतींत ती दोन नावे हाताने लिहिली. तात्या शेजारी बसून प्रत्येक पान वाळलेय की नाही ते बघत होते.