गोळी जालन्यात, पुरावा पुण्यात

एचआयव्हीबाधित गर्भवतीला आज जालन्यात एआरटीच्या, म्हणजे विषाणू रोखणाऱ्या औषधांच्या, गोळ्या सरकारी खर्चाने मिळतात. त्या आयुष्यभर देण्याचे धोरण देशाने २०१४ मध्ये स्वीकारले. पण गर्भावर त्यांचा काय परिणाम होतो, हे कोणी तपासले, असे विचारले तर उत्तरासाठी पुण्याचे ससून रुग्णालय, युगांडा, थायलंड गाठावे लागते. कारण गर्भवतीला संशोधनाबाहेर ठेवणे हीच जुनी रीत. थॅलिडोमाइडने हजारो बालके अपंग जन्मली, ते औषध १९६१ मध्ये मागे घेतले गेले, आणि त्यातून जगाने भलताच धडा घेतला: चाचणी अधिक काटेकोर हवी, एवढ्यावर न थांबता गर्भवतीला चाचणीतच घेऊ नये असे ठरले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २००० च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हाच सूर होता. अपवाद होता तो आई किंवा गर्भाच्या आरोग्यासाठी केलेल्या चाचण्यांचा, आणि त्याचे उदाहरण म्हणून आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागणच दिली होती.

अपवादातून फायदा झाला, यात शंका नाही. १९९४ च्या अमेरिकी-फ्रेंच चाचणीत झिडोवुडीन या एचआयव्हीवरील औषधामुळे बाळांमधील लागण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आली. १९९९ मध्ये युगांडातून नेव्हिरापिन या दुसऱ्या औषधाची स्वस्त पद्धत आली: कळा सुरू झाल्यावर आईला एक गोळी, जन्मानंतर बाळाला एक मात्रा. भारतातही अनेक वर्षे हेच चालले. मग पुण्यात, ससूनशी जोडलेल्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात, इथिओपिया आणि युगांडाच्या जोडीने, स्तनपान करणाऱ्या बाळांना सहा आठवडे नेव्हिरापिन देऊन पाहिले गेले. निष्कर्ष २००८ मध्ये आले. या साऱ्यात मोजमाप मुख्यतः बाळाचे होते. त्या एका गोळीने आईच्या शरीरातला विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो आणि पुढे तिच्याच उपचारात अडचण येते, हे थायलंडच्या अभ्यासाने २००४ मध्ये दाखवले. तोवर गोळी सर्रास वापरात होती. म्हणजे आईला चाचणीत घेतले, पण तिचा हिशोब ठेवला नाही.

गरीब बायकांवर प्रयोग कशाला, हा आक्षेप पोकळ नाही. झिडोवुडीनचा उपयोग सिद्ध झाल्यावरही आफ्रिका-आशियातल्या चाचण्यांत काही गर्भवतींना नुसती निष्क्रिय गोळी दिली जात होती. १९९७ मध्ये त्यावर गदारोळ झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण तो दोष चाचणीच्या रचनेचा. उलट बाजूचा, म्हणजे चाचणी न झाल्याचा, दाखला क्षयरोगाचा आहे. एचआयव्हीबाधितांना क्षय टाळण्यासाठी आयसोनियाझिड हे औषध द्यावे, गर्भवतींनाही द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये केली, तेव्हा या गर्भवतींवरची नियंत्रित चाचणी झालेलीच नव्हती. ती आठ देशांत झाली, पुणेही त्यात होते. ९५६ स्त्रिया सहभागी झाल्या. २०१९ च्या निष्कर्षात गरोदरपणी औषध सुरू केलेल्या गटात गर्भपात, मृतजन्म, अपुऱ्या दिवसांची वा कमी वजनाची बाळे, जन्मजात व्यंग यांपैकी काही ना काही घडण्याचे प्रमाण २३.६ टक्के होते. बाळंतपणानंतर सुरू केलेल्या गटात १७ टक्के. बघा, चाचणीने नुकसान झाले, असे कोणी म्हणेल. पण तीच गोळी चाचणीविना हजारोंना दिली असती तर प्रत्येक गर्भपात नशिबाच्या खात्यावर जमा झाला असता. संघटनेने शिफारस मागे घेतली नाही. इतर अभ्यासांत हा धोका सारखा दिसत नव्हता. वाद चालू आहे, पण निदान वाद घालायला आकडे आहेत.

संमतीचा प्रश्न मात्र जास्त अवघड. २०१७ चा एचआयव्ही कायदा संशोधनासाठी त्या व्यक्तीची समजून-उमजून दिलेली संमती मागतो. पण अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनात, थेट फायदा फक्त गर्भाचा असेल तर सहसा वडिलांचीही संमती लागते. जिने घरी आजार सांगितलेला नाही, तिच्यासाठी ही दुसरी सही म्हणजे घरातून हाकलले जाण्याची भीती. आईच्या तब्येतीचाही विचार चाचणीत असेल तर ही अट लागू होत नाही. आईला मोजण्याचे हे आणखी एक कारण. राहिली ऊसतोडीला जाणारी. मंठा, परतूर, घनसावंगीकडची जोडपी दिवाळीच्या आसपास कारखान्यांकडे निघतात, आणि महिनोन्‌महिने पाठपुरावा मागणाऱ्या चाचणीला अशी बाई गैरसोयीची वाटते. पण कोयता चालवणाऱ्या, अर्धपोटी, आठव्या महिन्यातही मोळ्या वाहणाऱ्या शरीरावर औषध कसे वागते, हे शहरातल्या स्त्रियांच्या आकड्यांवरून ताडता येणार नाही. एआरटीच्या गोळ्या तिला कारखान्याजवळच्या केंद्रातून घेता येतात. चाचणीच्या तपासण्याही तिथेच करता येतील, त्यासाठी खर्च करावा लागेल इतकेच.