चटणीचा चमचा कोणाच्या हातात?

पंगतीत लोणचे-चटणी ताटाच्या डाव्या बाजूला येते आणि ती वाढतो वाढपी. जेवणाऱ्याने चटणीच्या भांड्यात हात घालायचा नसतो. जेवता हात उष्टा, आणि उष्ट्या हाताने भांडे बाटते. तोंडीलावण्याची आपली रीत या नियमावर उभी आहे. खाणे रस्त्यावर आले तेव्हा नियमही सोबत आला. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. त्या पावाला लसणीची चटणी आजही गाडीवालाच लावतो. गिऱ्हाईक फार तर ‘तिखट जरा जास्त’ एवढे म्हणते.

मात्र ‘बाटणे’ हा शब्द स्वच्छतेपुरता कधीच नव्हता. कोणाच्या हाताने बाटते, हे जात ठरवत असे. म्हणून अनोळखी माणसे जिथे शेजारी उभी राहून खातात, तिथे चटणीचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. चंडीगडपुरते ते पाहू.

फाळणीत लाहोर गेले आणि भारतातल्या पंजाबला नवी राजधानी हवी झाली. ल कॉर्ब्युझिए यांनी 1951 मध्ये आराखड्याचे काम हाती घेतले. 7 ऑक्टोबर 1953 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी शहराचे उद्घाटन केले. आराखड्यात दुकानांच्या जागा आखलेल्या होत्या, रेहडीची, म्हणजे हातगाडीची, नव्हती. तरी रेहड्या आल्या, आणि पुढे प्रशासनाला रेहडी मार्केट वसवावी लागली. इथले खाणारे गावोगावहून आलेले; शेजारी उभ्या माणसाचे मूळ गाव कोणते, हे कोणाला ठाऊक नसायचे.

रेहडीवर कुलचा-छोले घेतले की पुदिन्याची हिरवी चटणी आणि सिरक्यातला कांदा आपोआप मिळतो. त्याचे वेगळे पैसे नसतात. पुन्हा मागणे हावरटपणा ठरत नाही, तो गिऱ्हाइकाचा हक्क. पण डावातली चटणी विक्रेत्यानेच घालायची. पंगतीतला वाढपी इथेही आहे.

त्याच्या हातून चमचा सुटला तो बाटलीमुळे. केचप हा शब्द बहुधा चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या होक्कियन बोलीतला, मूळ अर्थ मासळीचे खारवलेले पाणी. त्यात टोमॅटो आला 19 व्या शतकात, अमेरिकेत. हाइन्झने आपले केचप 1876 मध्ये बाजारात आणले. आपल्याकडे घरोघरी पोचलेल्या ‘किसान’चे मूळ 1930 च्या दशकातल्या अखंड पंजाबात, मिचेल यांच्या फळउद्योगात आहे. 1955 च्या फळ उत्पादन आदेशाने अशा मालाला परवाना आणि दर्जाची अट घातली. तरी गाडीवरच्या बिनलेबलच्या बाटलीत पुष्कळदा भोपळ्याचा गर आणि लाल रंगच असतो.

बाटलीचे तोंड अरुंद. उष्टा हात आत जात नाही. माझ्या मते तिचे मोठे काम हेच: कोणाची जात न विचारता सगळ्यांनी एकच सॉस घ्यायची सोय तिने केली. मग नवे शिष्टाचार आले. बाटलीचे तोंड समोशाला टेकवायचे नाही, झाकण लावून पुढे सरकवायची, दुसऱ्याच्या बशीत न विचारता ओतायचे नाही. आवडही उघडी पडली. समोशावर लाल सॉस पाहून पुदिनावाला नाक मुरडतो. पण ‘ज्याची त्याची जीभ’ म्हणून गप्प बसतो.

1996 मध्ये मॅकडॉनल्ड्स दिल्ली-मुंबईत आले ते बिनअंड्याचे मेयोनेज घेऊन. आता चंडीगडच्या तंदुरी मोमोसोबतही मेयोनेज येते. सॉसची पुडी आली आणि उष्ट्याचा प्रश्नच मिटला: ज्याची पुडी त्याची. पण पुड्या मोजता येतात. दोनच्या वर मागितल्या की काउंटरवरचा मुलगा वर पाहतो, कधी पैसे सांगतो. बाटलीने जात विचारली नाही, पुडी तर शेजाऱ्यालाही विचारत नाही. रेहडीवाला मात्र अजून डाव उचलून विचारतो, ‘चटणी और?’ आणि उत्तराची वाट पाहतो.