छातीवरचं भूत

नागपूरच्या धंतोलीत दवाखान्यांची दाटी एवढी, की ‘इथं गाडी लावणं म्हणजे नाईटमेअर’ हे वाक्य सतत कानी पडतं. यातली ‘मेअर’ म्हणजे घोडी नव्हे. जुन्या इंग्रजीत ते झोपलेल्याच्या छातीवर बसून श्वास कोंडणारं भूत. त्याच अर्थाच्या फ्रेंच ‘कोशमार’च्या शेवटीही तेच बसलंय. त्याचं नाव आधी वाईट स्वप्नाला मिळालं, मग कुठल्याही जाचाला.

आपला खवीस अरबी ‘खबीस’मधून, म्हणजे दुष्ट, ओंगळ या अर्थातून आला. जखीण तर मूळची यक्षिणी. ‘झपाटणं’ मात्र मराठीनं उजळवलं. १९९३च्या ‘झपाटलेला’ चित्रपटात बाहुल्यात गुंडाचा आत्मा शिरतो. आज संशोधनानं, समाजकार्यानं झपाटलेल्या माणसांबद्दल आपण कौतुकानं बोलतो.